हवे तितके दिवस

आमच्या डॉक्टरीणबाई गेली दोन वर्षं मागे लागल्या आहेत. "शोभाताई, तुम्ही बऱ्या झालात, तुमचा हात लिहिता आहे. नव्या पेशंट बायकांसाठी चार पानं लिहून द्या. वाचून उभारी आली पाहिजे." मी ती चार पानं दोनदा लिहिली आणि दोनदा फाडली. त्यांत उभारी होती, पण सुआद नव्हती. तिला वगळून माझ्या आजारपणाचं सांगायला लागले की माझाच मला राग येतो. म्हणून आता जसं घडलं तसं लिहिते आहे. उभारी येईल न येईल, कुणाला उपयोग झाला तरी पुष्कळ.

गाठ

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मी प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गावर होते. मखमलाबाद रस्त्याला आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, आणि सगळा माल पंचवटीच्या बाजारात जातो. श्रावणात अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून मी ती मनातच ठेवली. आधी गणपती झाले, मग दसऱ्याचा झेंडू तोडायचा होता, मग दिवाळीचा. मुलगी दहावीला. झेंडू संपला की दाखवू, असं म्हणत मी तीन महिने घालवले. फुलं तोडायला बायका मिळत होत्या, माझ्यावाचून एक फूल झाडावर राहिलं नसतं. हे मी पहिल्यांदा सांगते, कारण मी वर्गात पोरांना आळसाबद्दल अंगठे धरायला लावणारी बाई आहे.

रिपोर्ट आला त्या दिवशी हे बाजारातून परस्पर दवाखान्यात आले होते. शर्टाच्या खिशात झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, घाबरवलं नाही आणि लपवलंही नाही. यांनी एकच प्रश्न विचारला, "हिला शाळेत जाता येईल ना?" मला तेव्हा हसू आलं होतं.

परत येताना यांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. म्हणाले, "पेट्रोल बघतो." टाकीचं झाकण उघडून पाठमोरे उभे राहिले आणि बराच वेळ झाकण लावलंच नाही. मी गाडीवरून उतरले नाही. उतरले असते तर दोघंही तिथेच बसलो असतो.

सलाईनची खोली

ऑपरेशन झालं, टाके सुकले, आणि मग दर एकवीस दिवसांनी सलाईनमधून औषध सुरू झालं. त्या खोलीत चार आरामखुर्च्या होत्या. खिडकीपासची खुर्ची मिळावी म्हणून आम्ही बायका लवकर येत असू, एसटीत जागा धरावी तशा. पहिल्या खेपेला ती खुर्ची आधीच गेलेली होती. तिथे गोरीपान, जाड भुवयांची, डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधलेली एक बाई बसली होती. शेजारी स्टुलावर तिचा भाऊ.

भावाचं नाव यासिर. इराकहून शिकायला आलेला, नाशकातच औषधशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होता. चार वर्षांत तोडकंमोडकं मराठी आणि बरं हिंदी शिकला होता. ही त्याची थोरली बहीण, सुआद. बगदादच्या अलीकडच्या एका गावात राहणारी, दोन मुलांची आई. नवरा माझ्यासारखाच शाळामास्तर.

"तिकडे डॉक्टर नाहीत का?" मी आपलं विचारलं.

"होते, ताई," यासिर म्हणाला. "काही गेले देश सोडून. काही मेले. मशीन आहे, पण बत्ती नाही."

तिचं ऑपरेशन माझ्या आधी झालं होतं. सहा वेळा औषध घ्यायचं होतं, त्यातली ही दुसरी वेळ.

त्या लाल औषधाबद्दल ज्या बायका हे वाचत असतील त्यांना मी काय सांगू? उलटी होते. तोंडाला कशाचीच चव राहत नाही, पाणीसुद्धा लोखंडी लागतं. पंधराव्या दिवशी केस उशीवर राहतात. डॉक्टरीणबाई हे सगळं आधी सांगतात आणि तरी ते आपल्यावर आलं की फसवल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी मी भांड्यात तोंड घालून बसले असताना सुआदने थर्मास उघडला आणि झाकणात काळसर चहा ओतून माझ्यापुढे धरला. वाळवलेल्या काळ्या लिंबांचा चहा. आंबट, किंचित कडू. माझ्या पोटात तो राहिला. दिवसभरात पोटात राहिलेली ती एकच गोष्ट.

दुसऱ्या खेपेला माझे केस गेले होते आणि मी साडीचा पदर कपाळापर्यंत ओढून आले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, आपल्या पिशवीतून एक तपकिरी रुमाल काढला आणि उठून माझ्या डोक्याला बांधून दिला. कानामागे गाठ कशी बसवायची ते दोनदा करून दाखवलं. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. "खाना?" "उलटी?" "बच्चे?" एवढ्या तीन शब्दांवर आमचं सगळं चालायचं.

पाहुणी

यासिरची खोली कॉलेजच्या पोरांच्या इमारतीत होती. घरमालकाने सांगितलं, बाईमाणूस इथे ठेवता येणार नाही, त्यातून आजारी. यासिर हे मला सलाईनच्या खोलीत सांगत होता तेव्हा मी कुणाला न विचारता म्हणून गेले, "मग आमच्याकडे येऊ दे."

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, "बघ बाई, तुला तुझंच होत नाही." शेजारच्या काकूंनी तर विचार करायचेही कष्ट घेतले नाहीत. "तिकडची माणसं, उद्या दारात पोलीस आले म्हणजे?" उचलली जीभ लावली टाळ्याला. सुआद आली त्या दिवशी सासूबाईंनी तिचा कप वेगळा ठेवला. मी पाहिलं, पण भांडायला अंगात जोर नव्हता.

चौथ्या दिवशी सुआदला रक्तातल्या पेशी कमी होऊन ताप भरला. मी पलंगावर, ती खाली गादीवर, आणि सासूबाई दोघींच्या मध्ये बसून एकीला पेज भरवायच्या आणि मग दुसरीला. त्याच वाटीने, त्याच चमच्याने. मी म्हटलं, "आई, वाटी?"

"गप ऱ्हा," त्या म्हणाल्या. "आजाराला कुठं जात हाय."

त्या दिवसापासून वेगळा कप फडताळात गेला. सकाळी मळ्यात जाताना सासूबाई तिला सोबत नेऊ लागल्या. सुआद बांधावर बसून शेवंती निवडायची आणि सासूबाई तिच्याशी मराठीत लांबलचक बोलायच्या. ती सगळ्याला "अच्छा" म्हणायची. माझ्या मुलीचं पाठांतरही तिनेच ऐकलं. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण पोरगी अडखळली की ती बोट वर करायची.

तिचं चौथं औषध झालं आणि तिच्या व्हिसाची मुदत संपत आली. घरून निघताना तीन महिने पुरतील असं त्यांना वाटलं होतं. मुदत वाढवून मिळावी म्हणून यासिर सरकारी कचेरीत चार खेपा घालून आला. उत्तर एकच, इथे वाढवून मिळत नाही. परत जा, नवीन अर्ज करा, नवीन व्हिसा घेऊन या. तिच्या गावाजवळ अर्ज घेणारी आपली कचेरी चालू नव्हती. शेजारच्या देशात जाऊन अर्ज करायचा होता. सोबत दवाखान्याचं पत्र आणि ती ज्यांच्याकडे राहणार त्यांचं पत्र.

पत्र

ते पत्र मी लिहिलं.

आमच्या भागात अर्ज लिहून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. विजेच्या बिलाचा अर्ज असो, मुलीच्या दाखल्याचा असो, सगळे म्हणायचे, "बाईंनी लिहिलेला अर्ज परत येत नाही." याचा मला गर्व होता. रात्रंदिवस मळमळत असतानाही मी मराठीत दोन पानं लिहिली आणि यांच्यासोबत कोर्टाजवळच्या टायपिस्टकडे गेले. तो इंग्रजी करून देतो. पन्नाशीचा, नाकावर चष्मा घसरलेला, कमी बोलणारा माणूस.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "छान आहे. पण शेवटी एक ओळ टाकू. उपचार संपले की अमुक तारखेपर्यंत ती मायदेशी परत जाईल, याची जबाबदारी आम्ही घेतो."

मी म्हटलं, "ते नको."

"ताई, तेच तर पाहिजे असतं त्यांना."

"आमच्यात पाहुण्याला कधी जाणार म्हणून विचारत नाहीत. आणि ही तर आजारी. घरी ठेवून घेतलेल्या आजारी बाईच्या जाण्याची तारीख मी सही करून देऊ?"

हे माझं एकटीचं नव्हतं. आदल्या दिवशी मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "तारीख लिहू नको गं. पावना उंबऱ्यात असतानी त्याच्या जाण्याचं बोलत नसत्यात." त्यांच्या माहेरी पाहुण्याची पिशवीसुद्धा दाराजवळ ठेवू देत नसत, जा म्हणतो असं वाटेल म्हणून. मला ते पटलं. पटलं एवढंच नाही, आवडलं. माझ्या मूळ मराठी पत्रात ओळ होती, "ती आता आमच्या घरची आहे. तिने आमच्याकडे हवे तितके दिवस राहावे." टायपिस्टने ती तशीच इंग्रजीत घेतली. मी सही करत असताना तो फक्त "बघा हं" म्हणाला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी पोरांना फळ्यावर लिहून दिलेलं आहे.

सुआद निघाली त्या सकाळी सासूबाईंनी तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, आणि मळ्यातली पांढरी शेवंती. तिला काय ते कळलं नाही, पण ओढणी पसरून तिने सगळं घेतलं. तिची कपड्यांची एक पिशवी आणि काळ्या लिंबांची बरणी माझ्या पलंगाखालीच ठेवली. तीन आठवड्यांत परत यायचं होतं, ओझं कशाला वागवा.

खिडकी

माझ्या चौथ्या औषधाला खिडकीपासची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर रुमाल टाकून ती धरून ठेवली. सिस्टर म्हणाली, "येणार आहेत का त्या?" मी म्हटलं, "येतीलच." अकरा वाजता यासिर एकटा आला.

घडलं ते असं. चार औषधं अंगात असलेली ती बाई, नवऱ्यासोबत दीड दिवस मोटारीने प्रवास करून शेजारच्या देशात गेली. वाटेत दोनदा चौकीवर उतरवून झडती झाली. कचेरीबाहेरच्या रांगेत उभं राहवेना म्हणून ती फुटपाथवर बसली. नवरा खिडकीशी पोचला. आतल्या माणसाने दवाखान्याचं पत्र बघितलं आणि मान हलवली. मग माझं पत्र वाचलं. पेनाने एका ओळीखाली रेघ ओढली, कागद नवऱ्याकडे फिरवला आणि म्हणाला, "हे काय आहे? इथे तर लिहूनच दिलंय की ही परत जाणार नाही." आणि कागद परत केले.

यासिरने हे हिंदीत, खाली बघत सांगितलं. मी विचारलं, "कोणती ओळ?" त्याने सांगितली. त्या दिवशी मला औषधाची उलटी झाली की त्या ओळीची, मला माहीत नाही.

घरी जाऊन मी सासूबाईंवर ओरडले. आजारी माणसाच्या रागाला घरचे काही बोलत नाहीत, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. म्हटलं, "तुमच्या रिवाजापायी झालं हे. तुमच्या माहेरच्या पिशवीपायी." त्या चुलीपाशी उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "मला काय ठाऊक, साहेब लोक असं बी वाचत्यात." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. खरं म्हणजे लिहिलं मी होतं, सही माझी होती, आणि शहाण्या माणसाने सांगितलेली ओळ मीच घालू दिली नव्हती. हे त्यांना म्हणायला मला पुढे तीन महिने लागले.

हे मात्र म्हणाले, "चल, दुसरं लिहू."

दुसरं पत्र

टायपिस्ट मला "सांगितलं होतं ना" म्हणाला नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही. या वेळी पत्रात सगळं घातलं. किती औषधं राहिली, कोणत्या आठवड्यात, रेडिएशनचे शेक कधी, उपचार कधी संपणार, त्यानंतर किती दिवसांत ती आपल्या मुलांकडे परत जाईल. तिला विमानात बसवून देण्याची जबाबदारी यांनी सही करून घेतली. "हवे तितके दिवस" काढून टाकलं. डॉक्टरीणबाईंनीही लिहून दिलं की औषधाला उशीर झाला तर आजवरचं सगळं वाया जाईल.

सुआदचा नवरा दुसऱ्यांदा गेला, या वेळी एकटा, कारण तिच्याने प्रवास होत नव्हता. उत्तर आलं, पेशंट स्वतः हजर नाही. मग आठ दिवसांनी ती गेली. उत्तर आलं, यजमानांची दोन पत्रं एकमेकांशी जुळत नाहीत. आधी म्हणतात राहू दे, आता म्हणतात परत पाठवू. तपास करावा लागेल. तो तपास कुणी केला का, मला कळलेलं नाही. आमच्याकडे तर कुणी आलं नाही. शेजारच्या काकू पोलिसांची वाट बघत होत्या, तेही आले असते तर मी त्यांना चहा करून दिला असता. त्यानंतर महिनाभर तिच्या गावचा रस्ताच बंद होता.

माझं पाचवं औषध झालं. सहावं झालं. दर वेळी खिडकीपासच्या खुर्चीत दुसरी कोणी असायची, आणि ती आपल्यासारखीच घाबरलेली आहे हे दिसत असूनही मला तिचा राग यायचा.

फोन अधूनमधून लागायचा.

"शोभा, खाना?"

"खाना. तू?"

"थोडा. उलटी?"

"नाही आता. तुला?"

यावर ती परत "बच्चे?" विचारायची, आणि पुढचं विचारायला माझ्याकडे शब्द नव्हता. मग सासूबाई फोन ओढून घ्यायच्या आणि मराठीत बोलायच्या. शेवंती आली, गाय व्यायली, पोरीचा पेपर चांगला गेला. पलीकडून "अच्छा, अच्छा" ऐकू यायचं. आवाज दर वेळी बारीक झालेला.

माझे शेक चालू असताना, उन्हाळ्यात, ती वारली. यासिर घरी येऊन सांगून गेला. त्याला तिकडे जाता आलं नाही. परीक्षा तोंडावर होती, आणि एकदा बाहेर पडलं तर परत आत येऊ देतील याची खात्री नव्हती. तो आमच्या ओसरीवर बसला होता आणि सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्याच वेळी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, चूक माझी होती." त्या म्हणाल्या, "आता कुणाची का असंना."

आठवडाभराने माझे रिपोर्ट आले. स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी पेढा मागितला. मी पेढे नेले, वाटले, आणि मला आनंद झाला होता हेही खरं आहे. तो लपवून काय करू?

ओळ

यासिर परीक्षा देऊन गेला आणि चार-पाच महिन्यांनी पदवीचे कागद न्यायला परत आला. त्याला व्हिसा मिळाला. धडधाकट माणसाला मिळाला.

पलंगाखालची पिशवी मी त्याला काढून दिली. बरणी त्याने माझ्याकडेच ठेवायला सांगितली. मग त्याने खिशातून घड्या पडून पडून मऊ झालेला एक कागद काढला. माझं पहिलं पत्र. टाइप केलेल्या त्या ओळीखाली पेनाची निळी रेघ होती, खिडकीतल्या माणसाने ओढलेली. आणि त्या रेघेखाली, बारीक पेन्सिलने, अरबीत काहीतरी लिहिलेलं.

"हे काय?" मी विचारलं.

"तिने लिहिलं, ताई. तिला इंग्लिश येत नव्हतं ना. फोनवर मला विचारलं, ज्या ओळीसाठी नाही म्हणाले ती ओळ काय आहे? मी सांगितलं. तिने लिहून घेतली."

"आणि दुसरं पत्र?"

"ते भावजींकडे, फाइलमध्ये. हे तिच्या उशीखाली होतं."

सासूबाईंनी तो कागद मागून घेतला. त्यांना कुठलीच भाषा वाचता येत नाही. पेन्सिलच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं काय लिवलंय, वाच." अरबी मला येत नाही, पण ओळ पाठ होती. मी वाचलं. हवे तितके दिवस राहावे.

"मग बरोबरच लिवलं व्हतं आपण," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले नाही. तिच्या उशीखाली ते होतं याचं मला बरं वाटायला हवं, पण ती ओळ नसती तर ती कदाचित आमच्या पलंगाशेजारी गादीवर असती आणि तिला तो कागद लागलाच नसता. वर्षं झाली, तरी हे माझ्याच्याने सुटत नाही.

म्हणून नव्या पेशंट बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना माझं सांगणं. गाठ लागली की झेंडूची वाट बघू नका. रुमालाची गाठ कानामागे बसवा, घसरत नाही. उलटी थांबेना तर आंबट काहीतरी चाटवा. आणि कधी कुणा परक्या देशातल्या आजारी माणसासाठी पत्र लिहायची वेळ आली तर पहिल्याच परिच्छेदात त्याची परत जायची तारीख लिहा. लाज वाटली तरी लिहा, घरातलं मोठं माणूस नको म्हणालं तरी लिहा. मग दुसरा, साधा कागद घ्या, त्याच्यावर आपल्या भाषेत हवं ते लिहा आणि तो खिडकीत न देता त्या माणसाच्या हातात द्या. मी दोन्ही एकाच कागदावर लिहायला गेले.